पासवर्ड बदलला, तरी चोर आतच : वाचकांचे संगणक-प्रश्न

प्रश्न : आमचा मुलगा आठवीत आहे. एका खेळासाठी 'चीट' म्हणून त्याने काहीतरी उतरवून घेतले. फाईल उघडली, पण काहीच झाले नाही, असे तो म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या इन्स्टाग्रामवरून सगळ्या ओळखीच्यांना क्रिप्टो गुंतवणुकीच्या जाहिराती गेल्या. दोन टप्प्यांची पडताळणी चालू होती. ओटीपी कोणाला दिला नाही, मुळात आलाच नाही. अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी केली, काही सापडले नाही. त्याच संगणकावरून पासवर्ड बदलला, तर दोन दिवसांनी परत तेच. हे होते तरी कसे?
— एक गृहिणी, डिचोली

उत्तर : 'उघडली, पण काहीच झाले नाही' हीच या चोराची खूण. रेडलाइन, लुमा, विदार, रकून अशी संगणकात साठवलेले पासवर्ड चोरणाऱ्या या जातीच्या प्रोग्रामांची नावे. बनवणारे ते महिन्याच्या भाड्याने देतात, चोरी करणारे दुसरेच असतात. व्याप्ती कळावी म्हणून एकच आकडा : 16 मार्च ते 16 मे 2025 या दोन महिन्यांत एकट्या लुमाने बाधित झालेले 3 लाख 94 हजारांहून अधिक विंडोज संगणक मायक्रोसॉफ्टने मोजले होते.

ब्राउझर तुमचे पासवर्ड कुलपात ठेवतो हे खरे, पण त्या कुलपाची किल्ली विंडोजमधल्या तुमच्याच खात्याच्या खुंटीला असते. तुमच्या खात्यातून उघडलेला प्रोग्राम म्हणजे तुम्हीच, असे विंडोज धरून चालते. म्हणून 'परवानगी देता का' अशी चौकटही पुढे येत नाही. जुलै 2024 मध्ये क्रोमच्या 127व्या आवृत्तीने कुकींसाठी (तुम्ही आत गेल्याची खूण म्हणून संकेतस्थळ ब्राउझरमध्ये ठेवते त्या नोंदींसाठी) वेगळे, जास्त घट्ट कुलूप आणले. चोरांनी काही महिन्यांतच त्यालाही वाटा काढल्या.

एकदा आत आला की एक-दोन मिनिटांत तो साठवलेले पासवर्ड, कुकी, कार्डांचे क्रमांक, डेस्कटॉपवरच्या मजकुराच्या फायली आणि टेलिग्रामचे फोल्डर गोळा करतो, पडद्याचा एक फोटो काढतो आणि सगळ्याचे गाठोडे बांधून पाठवून देतो. यांतले कित्येक नंतर स्वतःलाच पुसून टाकतात. दुसऱ्या दिवशीची तपासणी त्यामुळे वरातीमागून घोडे ठरते. तुमच्या अँटिव्हायरसने खोटे सांगितले नाही, चोर तेव्हा खरोखरच घरात नसेल. आणि आदल्या दिवशी तो का पकडला गेला नाही, तर असल्या 'चीट'बरोबरच्या सूचनांत 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असे बहुधा लिहिलेलेच असते. मुलाला न रागावता एवढे विचारा. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सक्लूजन्सची यादी पाहा. तिथे एखादे फोल्डर नोंदलेले असेल, तर ते तपासणीतून वगळले गेलेले असते.

आता ओटीपी का आला नाही ते. नाटकाच्या मध्यंतरात चहाला बाहेर जाताना दारावरचा माणूस हातात एक पास देतो. परत येताना तो तिकीट मागत नाही, पास पाहतो. कुकी म्हणजे तो पास. तुम्ही पासवर्ड आणि ओटीपी देऊन एकदा आत गेलात की संकेतस्थळ पुढे महिनोन्‌महिने कुकीच पाहते. चोराने पासच उचलला, मग तिकिटाचा प्रश्न येतोच कुठे? पासवर्ड बदलूनही जुने पास रद्द झाले नसतील, तर तो आतच राहतो. आणि संगणकात चोर अजून दबा धरून असेल, तर त्याच संगणकावरून नवा पासवर्ड टाकणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

म्हणून क्रम पाळा. क्रम चुकला की सगळी मेहनत वाया.

आधी संगणकाचे वाय-फाय बंद करा, केबल असेल तर काढा. पुढची कामे मोबाईलवरून, मोबाईलच्याच डेटावर करा.

पहिला ईमेल. बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलो' तिथेच येते, म्हणून इन्स्टाग्रामच्या आधी तो. गूगल खात्यात सिक्युरिटी, मग युवर डिव्हाइसेस. तिथून घरच्या संगणकासकट सगळी अनोळखी उपकरणे साइन आउट करा. घरचा संगणक का, तर क्रोमचे सिंक चालू असेल तर मोबाईलवर बदललेला नवा पासवर्ड आपोआप त्या संगणकात जाऊन बसतो. ही चूक जाणकारही करतात. त्यानंतर पासवर्ड बदला. मग खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन क्रमांक आणि दुसरा ईमेल तुमचेच आहेत ना ते पाहा. शेवटी जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. हे मोबाईलच्या ॲपमध्ये दिसत नाही, ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट निवडून उघडावे लागते. चोर इथे एखादा नियम ठेवून जातो : बँकेचे पत्र आले की माझ्याकडे पाठव आणि इथून पुसून टाक. खाते परत मिळाले म्हणून तुम्ही निर्धास्त, आणि पत्रे मात्र तिकडे जात राहतात.

मग इन्स्टाग्राम आणि फेसबुक. अकाउंट्स सेंटरमध्ये पासवर्ड अँड सिक्युरिटीखाली 'व्हेअर यू आर लॉग्ड इन' आहे, तिथून सगळ्यांना बाहेर काढा आणि पासवर्ड बदला. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस पाहा. टेलिग्राम वापरत असाल तर त्यातली डिव्हाइसेसची यादी सोडू नका.

राहिला संगणक. आमचे मत स्पष्ट आहे : साफसफाई नको, विंडोज नव्याने बसवा. विंडोजबरोबरच येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसची ऑफलाइन तपासणी साधारण 15 मिनिटांत होते आणि ती करायला हरकत नाही, पण ती काही सापडले तर सांगते. काही नाहीच, अशी हमी देत नाही. फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घ्या. प्रोग्राम, खेळ आणि ब्राउझरचे प्रोफाइल घेऊ नका. संगणकावर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधी कागदावर उतरवून घ्या, नाहीतर मधेच अडकाल. मग सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, रीसेट धिस पीसी. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि क्लाउड डाउनलोड घ्या. त्यासाठी वाय-फाय किंवा केबल परत जोडावी लागेल. त्याला 4 जीबीहून जास्त डेटा लागू शकतो, म्हणून मोबाईल हॉटस्पॉटवर करू नका. पावसाळ्यात तर यूपीएसशिवाय अजिबात नको. अर्ध्यावर वीज गेली तर विंडोज सुरूच होणार नाही, अशी पाळी येऊ शकते.

प्रश्न : घरात एकच संगणक. मुले खेळतात, सून ऑफिसचे काम करते, मी बँक पाहतो. क्रोममध्ये तिघांची वेगळी प्रोफाइल केली आहेत. एवढे पुरे ना?
— एक निवृत्त कर्मचारी, कुडचडे

उत्तर : पुरे नाही. क्रोमची प्रोफाइल ही एकाच खोलीतली तीन कपाटे. चोर खोलीत शिरला की तिन्ही उघडतो. वेगळ्या खोल्या हव्यात, म्हणजे विंडोजचीच वेगळी खाती हवीत, आणि मुलांचे खाते 'स्टँडर्ड' हवे. त्या खात्यात चोर आला तर त्या खात्यापुरतेच नेतो. तुमच्या खात्यातल्या कुलपाची किल्ली त्याला मिळत नाही. घरगुती संगणकासाठी याहून स्वस्त बंदोबस्त आम्हाला माहीत नाही.

सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, ॲड अकाउंट. ईमेल विचारला की 'या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही' आणि पुढे 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय' हे पर्याय घ्या. नवे खाते आपोआप स्टँडर्डच तयार होते. सध्याच्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याला मुलांना ठाऊक नसलेला पिन ठेवा.

तीन ठिकाणी हा बंदोबस्त फुटतो. मुलगा 'बाबा, जरा पासवर्ड टाका' म्हणतो आणि आपण काय बसवतोय ते न वाचता टाकतो. तिथे सगळ्या खोल्यांची दारे एकदम उघडली. दुसरे, डी ड्राइव्ह. तो बहुधा सगळ्या खात्यांना उघडा असतो. बँकेचे आणि घराचे कागद तिथे ठेवलेत तर वेगळ्या खात्याचा काही उपयोग नाही, ते आपल्या खात्याच्या डॉक्युमेंट्समध्येच ठेवा. तिसरे, सुनेच्या ऑफिसचे काम. तिथला पासवर्ड गेला तर भानगड घरापुरती राहत नाही. शक्य असेल तर ऑफिसनेच संगणक द्यावा.

प्रश्न : माझा मांद्रेला होमस्टे आहे. बुकिंग संकेतस्थळाच्या नावाने मेल आला, पाहुण्याची तक्रार आहे म्हणून. दुवा उघडला तर 'मी रोबो नाही' असे पान. त्याने सांगितले : विंडोजचे बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. मी केले. काळी चौकट क्षणभर येऊन गेली. पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती संगणकातच आहेत.
— म. का., मांद्रे

उत्तर : घाव बसला असे धरूनच चाला. त्या पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे) ठेवली होती आणि ती तुमच्याच हाताने संगणकाला द्यायला लावली. फाईल उतरवली नाही, जोडपत्र उघडले नाही, त्यामुळे नेहमीचे धोक्याचे इशारे मिळालेच नाहीत. बुकिंग संकेतस्थळाच्या नावाने हॉटेलवाल्यांना फसवण्याची हीच मोहीम डिसेंबर 2024 पासून चालू असल्याचे मायक्रोसॉफ्टने मार्च 2025 मध्ये जाहीर केले होते. दक्षिण आशिया त्यात होता. तक्रार, हरवलेली वस्तू, शेवटच्या क्षणाची विचारपूस असे विषय निवडतात, कारण ऐन हंगामात अशा पत्राला कोणीही घाईने उत्तर देतो. लक्षात ठेवायचे ते एवढेच : खरी पडताळणी ब्राउझरच्या पानातच संपते. विंडोज आणि आर दाबायला सांगणारे पान चोराचे, अपवाद नाही.

वर डिचोलीच्या उत्तरातला क्रम तुम्हालाही लागू. विंडोज नव्याने बसवण्याआधी मात्र एक पुरावा जपा. विंडोज आणि आर दाबा, चौकटीत शेवटची आज्ञा दिसेल. तिच्या शेपटाला 'मी रोबो नाही' असा मजकूरही जोडलेला सापडतो, कारण छोट्या चौकटीत तेवढाच दिसावा अशी सोय केलेली असते. मोबाईलने फोटो घ्या आणि एस्केप दाबा. एंटर चुकूनही नको.

बुकिंग संकेतस्थळावरच्या तुमच्या खात्याचा पासवर्ड मोबाईलवरून लगेच बदला आणि त्यांच्या मदत कक्षाला कळवा. पुढची चाल ठरलेली आहे : तुमच्या खात्यातून, तुमच्याच नावाने, येणाऱ्या पाहुण्यांना 'कार्ड चालले नाही, या दुव्यावर परत पैसे भरा' असा निरोप जातो. म्हणून पुढच्या सगळ्या आरक्षणांतल्या पाहुण्यांना आजच सांगा की असा निरोप आला तर पैसे भरू नका. ज्यांच्या पासपोर्टच्या प्रती संगणकात होत्या त्यांनाही कळवा. अवघड वाटेल, पण ते त्यांना तुमच्याकडूनच कळलेले बरे.

परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) 24 तासांच्या आत ऑनलाइन भरावाच लागतो, म्हणून प्रती घेणे टळत नाही. त्या डेस्कटॉपवर वर्षानुवर्षे साठवणे मात्र टळते. फॉर्म भरून झाला की प्रत बाहेरच्या डिस्कवर हलवा, डिस्क काढून कपाटात ठेवा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. देशी पाहुण्याकडून मास्क केलेले आधार घ्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आधारवरून आठवले. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून ती सुरक्षित, असे अनेकांना वाटते. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. ज्याने तुमचा संगणक झाडून नेला त्याला या दोन्ही गोष्टी ठाऊक असतात. डाउनलोड्समधली ती फाईल काम झाले की पुसून टाका.

प्रश्न : मी पासवर्ड वहीत लिहिते. नात हसते आणि म्हणते, मॅनेजर वापर. कोणाचे खरे?
— एक आजी, सावईवेरे

उत्तर : आजी, या चोरापुरते तुमचे खरे. तो इंटरनेटवरून येतो आणि कपाटातली वही त्याला वाचता येत नाही. वाईट काय, तर डेस्कटॉपवर 'पासवर्ड' नावाची नोटपॅड फाईल. असल्या नावाच्या फायली तो नाव शोधूनच उचलतो. वहीतले शब्द पेन्सिलीने लिहा, आपल्याकडच्या पावसाळी ओलीत शाई पसरते. ईमेल आणि बँकेच्या पासवर्डांतली शेवटची तीन-चार अक्षरे वहीत न लिहिता मनात ठेवा.

नातीचेही चुकीचे नाही. 30-40 खाती झाली की वही हरते, माणूस सगळीकडे एकच पासवर्ड वापरू लागतो, आणि मग एक गेला की सगळे गेले. तिला बिटवॉर्डन किंवा कीपास असा मॅनेजर, म्हणजे पासवर्डांची कुलूपबंद तिजोरी, वापरू दे. ब्राउझरच्या तिजोरीपेक्षा ती बरी, कारण तिची किल्ली खुंटीला नसते, मुख्य पासवर्ड दरवेळी टाकावा लागतो. पण तिजोरी काही मिनिटांत आपोआप बंद होईल असे सेटिंग हवे. दिवसभर उघडी राहणार असेल, तर क्रोम काय आणि ती काय.

ज्यांचे पासवर्ड आता ब्राउझरमध्ये आहेत त्यांनी ते दुसरीकडे नेताना जी फाईल तयार होते, ती काम होताच पुसायची. तिच्यात सगळे पासवर्ड उघडे असतात, आणि ती डाउनलोड्समध्ये विसरून राहते.

प्रश्न : पडद्यावरचा कीबोर्ड माउसने वापरला तर चोरी टळते का? आणि पासकी घेतली तर?
— एक विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : पडद्यावरचा कीबोर्ड फक्त बटणे टिपणाऱ्या जुन्या चोराला फसवतो. साठवलेले उचलणाऱ्याला तुम्ही कसे टाइप केले याच्याशी कर्तव्य नाही. पासकी (पासवर्डऐवजी मोबाईलवर बोट किंवा चेहरा दाखवून आत जाण्याची सोय) घ्याच, मोबाईलमधली असेल तर ती संगणकातून चोरता येत नाही. मात्र आत गेल्यावर मिळणारा 'पास' तिच्यानंतरही चोरता येतो. म्हणून बँक आणि ईमेल यांसाठी एक वेगळा ब्राउझर ठेवा आणि बंद करताना कुकी पुसल्या जातील असे त्याचे सेटिंग करा. रोज लॉग-इन करायचा कंटाळा येईल, तो सोसा.

प्रश्न : माझा भाऊ बोटीवर आहे. नव्या करारासाठी एजंटच्या नावाने मेल आला, सोबत झिप फाईल आणि तिचा पासवर्ड त्याच मेलमध्ये. आत करार पीडीएफ दिसतो. उघडू का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : उघडू नका. पाकिटाला कुलूप आणि किल्ली पाकिटावरच चिकटवलेली, यात गुप्तता कसली? कुलूप एवढ्यासाठीच की मेलसेवेला आणि अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये.

'पीडीएफ दिसतो' यावर जाऊ नका. फाईलचा प्रकार सांगणारे नावाचे शेपूट विंडोज लपवते. फाईल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, शो, फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा, म्हणजे 'करार.पीडीएफ.ईएक्सई' असे पूर्ण नाव दिसेल. ईएक्सई, एससीआर, एमएसआय, जेएस, व्हीबीएस, एचटीए, आयएसओ यांपैकी काहीही करार नसतो. शॉर्टकटचे एलएनके हे शेपूट तर हे सेटिंग चालू करूनही दिसत नाही. चित्राच्या कोपऱ्यातला छोटा बाण हीच त्याची ओळख. फाईल काहीशे एमबीची असेल तर जास्तच संशय घ्या. दहा पानी करार एवढा नसतो. आत निव्वळ शून्ये भरून ती फुगवलेली असते, कारण मोठ्या फायली तपासणीतून सुटतात. व्हायरसटोटलसुद्धा 650 एमबीपर्यंतचीच फाईल घेते. भावाचा खरा करार मात्र तिथे चढवू नका, तिथली फाईल इतरांनाही मिळू शकते.

एजंटकडे खलाशी भरतीचा परवाना आहे का, ते नौवहन महासंचालनालयाच्या यादीत पाहता येते. आणि मेलमधल्या नव्हे, आधीपासून तुमच्याकडे असलेल्या क्रमांकावर फोन करून 'साधी पीडीएफ पाठवा' म्हणा. खरा एजंट पाठवतो.

प्रश्न : संगणक विंडोज 10 चा, चांगला चालतो. बदलायलाच हवा का? अँटिव्हायरस विकत घेऊ का?
— फोंडा

उत्तर : विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा-अद्यतनांची नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून करता येते. अँटिव्हायरस विकत घेऊ नका, डिफेंडर चालू ठेवा. ते पैसे बाहेरच्या डिस्कवर घाला.

प्रश्न : कार्डावरून परदेशी संकेतस्थळावर दोनदा पैसे गेले, ओटीपी आला नाही. कार्ड क्रोममध्ये साठवलेले होते. आता?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : बऱ्याच परदेशी संकेतस्थळांना ओटीपी लागत नाही. क्रमांक आणि मुदत कळली, तरी काही ठिकाणी भागते. आधी बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद करा. मग 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून इथे तासांना किंमत आहे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवूनच फोन करा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा. गोवा पोलिसांचे सायबर गुन्हे ठाणे रायबंदरला आहे. काणकोणहून लांब पडते, पण पोर्टलवरची पोचपावती असली की पहिली धाव टळते.

बँकेला लेखी कळवायला उद्याची वाट पाहू नका. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशा व्यवहारात, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर भार ठेवलेला नाही. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित भार येतो. ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून तक्रारीची वेळ पावतीवर आली आहे ना, ते पाहून घ्या.

नवे कार्ड आले की परदेशी व्यवहार आणि ऑनलाइन मर्यादा ॲपमधून बंद किंवा कमी ठेवा. ही सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे 2020 पासून प्रत्येक कार्डाला आहे, वापरणारे मात्र थोडे. आणि नवा क्रमांक क्रोम साठवू का म्हणून विचारील, तेव्हा 'नको' दाबा.